पुढच्या थंडीतला गराडू

इंदूरहून आले म्हटलं की मिरजेतली माणसं एकच विचारतात, "काय काय खाल्लंस?" मी ब्लाउज शिवते. मापाला आलेल्या बायका हात वर करून उभ्या असतात आणि टेप काखेत असतानाच सुरू होतात, "सराफ्यात गेला होता का हो? तिथं म्हणे रात्रभर खाणं चालतं!" नाही गेले. राजवाडा रिक्षातून बघितला, तोही सिग्नलला थांबलो म्हणून. मी फिरायला गेले नव्हते. माझ्या भाऊजींचं पोट काढायचं होतं म्हणून गेले होते. आता हे माप घेता घेता कुणाला कसं सांगायचं? म्हणून एकदाच बसून लिहून टाकते. ज्यांना इंदूर पाहायचंय त्यांनी यातलं इंदूर घ्यावं, बाकीचं माझ्यापाशी राहू दे.

स्नेहलतागंज

माझी थोरली बहीण सुमनताई लग्न होऊन इंदूरला गेली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. भाऊजींचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते म्हणे. घोडे गेले, संस्थान गेलं, भाऊजी वीज खात्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पागेतली म्हणून एक मिशी तेवढी घरात टिकून होती. कोपऱ्यात वर वळलेली, झुपकेदार. लग्नात तिला घाबरून मी त्यांच्या पाया पडायलाच गेले नव्हते, तर त्यांनी सगळ्या मांडवात "माझी मेहुणी बंडखोर आहे" म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून आमचं जे चिडवाचिडवीचं नातं सुरू झालं ते आजतागायत.

स्टेशनवर भाचा आला होता, आशुतोष. आम्ही आशू म्हणतो. "मावशी, सामान इतकंच? चल, फटाफट बैठ, मागे तो भिया हॉर्न वाजवून राहिला." इंदुरात कुणीही भाऊ 'भिया'च. घर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं, पण इंदूरचा माणूस पाहुण्याला चालू देत नाही. गाडीत बसेपर्यंत त्याने दोनदा विचारलं, नाश्ता केला का. मिरजेत आम्ही पाहुण्याला पाणी विचारतो, मग चहा विचारतो. तिथे दारातच पोहे विचारतात, आणि 'नको' हे उत्तर धरतच नाहीत.

दारात भाऊजी उभे होते. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि मिशी नाही. मिशी नसलेला तो चेहरा मला ओळखूच येईना. रडायचं नाही असं मी गाडीत ठरवून आले होते. ते म्हणाले, "या मेहुणीबाई! मिशी कुठे गेली ते विचारू नका. रोबोटला चुभेल ना, म्हणून काढून टाकली." मी हसले, आणि हसताहसताच माझं ठरवलेलं सगळं वाहून गेलं. ताई आतून ओरडली, "आल्या आल्या रडवलंत तिला!"

दुखणं जठरात होतं. आधी अन्न अडकल्यासारखं वाटायचं, मग वजन उतरलं, मग दुर्बीण घालून बघितलं तर कॅन्सर. काही महिने सलाईनमधून औषधं दिली, मिशी गेली ती त्यात. गाठ आक्रसली. आता सगळं जठर काढून आतडं सरळ अन्ननळीला जोडायचं, आणि हे सगळं पोट न फाडता, रोबोट लावून करायचं ठरलं होतं. ज्या माणसाने जन्मभर दुसरं काही केलं नाही, नुसतं खाल्लं आणि खिलवलं, त्याचंच नेमकं पोट काढायची वेळ यावी! मला देवाचा इतका राग आला की ताईच्या देवघरात मी तीन दिवस हात जोडले नाहीत.

ताईचं बोलणं आता पुरतं इंदुरी झालंय. भाजीवाल्याशी हिंदी, देवाशी मराठी, आणि नवऱ्याशी दोन्हीची खिचडी. "ऐका ना, वो दवाई घेतली का तुम्ही?" असं ती विचारते आणि तिला त्यात काही वेगळं वाटत नाही. आमच्या आईने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

संध्याकाळी भाऊजी मला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर घेऊन गेले. ताई नको म्हणत होती, थंडी होती, पण ऐकतील तर ना. ठेल्यावर गराडू. हा एक कंद असतो. बाहेरून बघाल तर कुणी जळणाचं लाकूड आणून ठेवलंय असं वाटेल. सोलून, तुकडे करून एकदा तळतात, मग गिऱ्हाईक आलं की परत तळतात, वर लिंबू पिळतात आणि जीरावन म्हणून एक मसाला असतो तो भुरभुरतात. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. फक्त थंडीत मिळतो. आमच्याकडे सुरण असतो, पण सुरणाला एवढी माया कुणी लावत नाही.

भाऊजींनी माझ्यासाठी द्रोण भरून घेतला आणि स्वतः एकच तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले. "ऑपरेशनच्या आधी हलकं खायचं, डॉक्टर मॅडमनी सांगितलंय," ते म्हणाले. "नंतर थोडे महिने संभालून. मग सगळं खाता येतं, थोडं थोडं. यंदा तुम्ही खा मेहुणीबाई. पुढच्या थंडीत मी खाईन आणि तुम्ही बघत बसा."

"बघत कशाला बसू? निम्मा मी खाईन," मी म्हटलं.

"देखो भिया," ते ठेलेवाल्याला म्हणाले, "अभी से हिस्सा मांग रही हैं!"

विजय नगर

हॉस्पिटल विजय नगरला. रस्ते रुंद, काचेच्या इमारती, मॉल, सगळीकडे गाड्या. मी मिरजेची आहे. आमच्या गावात दवाखाने काही कमी नाहीत, त्यामुळे हॉस्पिटलचं मला कुणी काही नवीन सांगावं असं मला वाटत नव्हतं. पण हे हॉस्पिटल म्हणजे हॉटेल. फिनेलचा वास नाही, कॉफीचा वास. मला वास आल्याशिवाय विश्वास वाटत नाही, काय करू.

आदल्या दिवशी एका मुलीने आम्हाला बसवून समजावून सांगितलं. पडद्यावर रोबोट दाखवला. त्याला लांब लांब हात, हातांना बोटभर चिमटे, आणि ते चिमटे एका द्राक्षाचं साल सोलत होते. भाऊजी बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, इससे मटर छिलवा सकते हैं क्या? हमारे यहाँ इनका बहुत टाइम जाता है." ती मुलगी हसून हसून लाल झाली. मग तिने सांगितलं की रोबोट आपल्या मनाने काही करत नाही. डॉक्टर कोपऱ्यात बसून हात हलवतात, तसे त्याचे चिमटे आत हलतात.

"म्हणजे शिलाई मशीनच की," मी म्हटलं. "चालवणारी बाई ती बाईच."

"वही आंटीजी, वही," ती म्हणाली.

पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पडतील, आणि काढलेलं जठर बाहेर घ्यायला बेंबीखाली चार बोटांचा एक काप लागेल, हेही तिने सांगितलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आहाराच्या बाई आल्या. जठर नसलेल्या माणसाने कसं जेवायचं ते त्यांनी एक छोटी वाटी आणि चहाचा चमचा घेऊन करूनच दाखवलं. एका वेळी वाटीच्या निम्मं. चावायचं, थांबायचं, परत चावायचं. भूक असो नसो, थोडं थोडं दिवसभर. भाऊजींनी हे सगळं मुंजीतल्या बटूसारखं मान खाली घालून ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी वाट्यांच्या फडताळातून सगळ्यात लहान वाटी निवडली आणि म्हणाले, "आजपासून ही माझी थाळी."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही वाट बघायच्या हॉलमध्ये बसलो. दुपार उलटून जाईल असं सांगितलेलं. इंदूरची एक गोष्ट मला तिथे कळली. मिरजेत पेशंटची माणसं भिंतीकडे तोंड करून आपापला डबा खातात, आपलं दुःख आपल्यापाशी. इथे शेजारच्या बाईने ओळख ना पाळख, माझ्या हातावर शेव ठेवली. समोरचे देवासचे एक गृहस्थ सगळ्यांना चहा विचारत फिरत होते. कुणाची आई आत, कुणाचा मुलगा आत, पण खिलवल्याशिवाय कुणाला चैन नव्हती.

भिंतीवरच्या पडद्यावर पेशंटांची नावं होती आणि त्यापुढे कोण आत आहे, कोण बाहेर आलं. मी ताईला शाल नीट पांघरत होते तेवढ्यात आशू उठून उभा राहिला. "आई! झालं! बाबा रिकव्हरीत!"

मी पडद्याकडे बघितलं. खरंच, नावापुढचा रंग बदलला होता. दुपार कुठली, अजून सकाळचा दुसरा चहासुद्धा झाला नव्हता.

"इतकी जल्दी?" ताई म्हणाली.

"रोबोट आहे आई! फास्ट असतो तो!" आशू अक्षरशः नाचला. पस्तिशीचा बाप्या, पण नाचला. हॉलमधल्या सगळ्यांनी त्याचे हात हातात घेतले. देवासचे गृहस्थ म्हणाले, "बधाई हो भिया, मुँह मीठा कराओ!" आणि आशू धावत खाली गेला नि जिलबी घेऊन आला. गरम, पाकाने कागद पारदर्शक झालेला. सगळ्या हॉलला त्याने स्वतःच्या हाताने वाटली. ज्यांची माणसं अजून आत होती त्यांनीही 'आपलंही असंच लवकर होऊ दे' म्हणून देवाचा प्रसाद घ्यावा तशी घेतली.

मला मात्र ते पटेना. एखादं काम मी अवघड म्हणून घ्यावं आणि ते हात लावताच संपावं, असं कधी होत नाही. पण आशूचा चेहरा बघून मी जिलबीचा तुकडा मोडला. तोंडात टाकणार तोच भाऊजींच्या नावाने हाक आली. घरच्यांनी आत या.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, डोक्यावर अजून निळी टोपी. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्याही खुर्ची ओढून ताईसमोर बसल्या. हळूहळू, सोप्या हिंदीत त्यांनी सांगितलं. रोबोट लावायच्या आधी एक कॅमेरा आत घालून बघतात. बघितलं तर पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडे बारीक दाणे होते. रव्यासारखे. स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत. एक-दोन काढून तपासायला दिले, तिथल्या तिथे उत्तर आलं. आजार जठराच्या बाहेर पसरला होता. अशा वेळी जठर काढून उपयोग काही होत नाही, माणसाचे हालच होतात. म्हणून त्यांनी काही न काढता छिद्रं शिवून टाकली.

"और रोबोट?" आशूने विचारलं. त्याच्या बोटांना पाक लागलेला होता आणि तो ती बोटं कुठेच टेकवत नव्हता.

"रोबोट लगाया ही नहीं," मॅडम म्हणाल्या.

औषधं परत सुरू करता येतील, काही काळ त्याने आजार धरून ठेवता येईल, त्रास कमी ठेवता येईल, असं त्या सांगत राहिल्या. ताईला किती ऐकू येत होतं देव जाणे. तिने एकच विचारलं.

"अगली ठंड देखेंगे क्या वो?"

मॅडमनी ताईचा हात धरला आणि म्हणाल्या, "मुश्किल है, आंटीजी."

मी तोवर हातातली जिलबी पदरात गुंडाळली होती. तो डाग अजून त्या साडीवर आहे.

आशूने हात जोडले, बाबांना सांगू नका, ते खचतील, मॅडम प्लीज. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. "पेट उनका है. वो पूछेंगे तो मैं झूठ नहीं बोलूंगी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात दाखवायला याल तेव्हा मी स्वतः त्यांच्याशी बोलणारच आहे, कारण पुढची औषधं घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचंय. त्याआधी घरच्यांनी सांगितलं तर बरं. तिऱ्हाइताकडून कळण्यापेक्षा ते बरं.

पण भाऊजींनी विचारलंच नाही. शुद्धीवर आल्यावर राउंडला आलेल्या मॅडमना त्यांनी उलट हात जोडले, "कमाल कर दिया आपने!" मॅडम म्हणाल्या, "आराम कीजिए. अगले हफ्ते बैठ के आराम से बात करेंगे." बाहेर जाताना त्यांनी ताईकडे एकदा बघितलं.

पुन्हा स्नेहलतागंज

भाऊजी दोन-तीन दिवसांत घरी आले. चालत आले, जिना चढून आले. गल्लीत बातमी पसरली आणि माणसांची रीघ लागली. आलेल्या प्रत्येकाला भाऊजी स्वेटर वर करून दाखवायचे. पोटावर नखाएवढ्या तीन पट्ट्या. "देखो भिया, इतकुसा छेद! आमच्या वडिलांचं अपेंडिक्स काढलं तर हा एवढा चीरा होता, रेल्वेची पटरी! आणि माझं पूरा पोट काढलं तर बघा." माणसं वा वा करायची. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी राहायची.

आणि ते वाटीचं प्रकरण. आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं ते हा माणूस तंतोतंत पाळत होता. त्या लहान वाटीत निम्मा दलिया, चहाचा चमचा, घास घोळवायचा, थांबायचं. मला सांगायचे, "मेहुणीबाई, पोट नसताना जेवणं ही साधना आहे हो. पण करतोय." ताईने एकदा पोळीचा तुकडा पुढे केला तर त्यांनी तिलाच रागे भरलं, "टाके तुटले म्हणजे? आतडं जोडलंय नुसतं!" संध्याकाळी कोपऱ्यावर गराडूची कढई चढली की वास घरात यायचा. भाऊजी खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि वळून सांगायचे, "पुढच्या थंडीत. बस, पुढच्या थंडीत."

दर वेळी ते असं म्हणाले की ताई हातातलं काम टाकून बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची.

एका दुपारी शेजारचे दुबेजी आले. साधा, भोळा माणूस. पट्ट्या निरखून बघितल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "पर भिया, इतने से छेद से पेट निकाला कहाँ से?"

भाऊजींनी मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. बेंबीखाली हात फिरवला. तिथे चार बोटांचा काप असणार असं त्या मुलीने सांगितलं होतं, ते त्यांनाही आठवलं असणार. तिथे काही नव्हतं.

"वो पाइप से, अंकल," आशू पटकन म्हणाला. "बारीक करून, पाइप से खींच लेते हैं. नई टेक्निक है."

"अच्छा अच्छा," दुबेजी म्हणाले. "साइंस कहाँ पहुँच गया!"

भाऊजींनी स्वेटर खाली ओढला. त्यानंतर आलेल्या कुणाला त्यांनी पट्ट्या दाखवल्या नाहीत.

कृष्णपुरा

दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "विजू, चल, जरा बाजारात जाऊन येऊ." बाजाराला म्हणून निघालो आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी आलो. होळकरांच्या समाध्या आहेत या, नदीकाठी. दगडी कोरीव काम, कळस, कबुतरं. इंदूरला गेलात तर नक्की बघा, सकाळच्या उन्हात तो दगड छान दिसतो. आमच्याकडे समाधी म्हटलं की हळद-कुंकू आणि नारळ आला. इथे कॉलेजची पोरं पायऱ्यांवर बसून मोबाइल बघत होती.

आम्ही एका पायरीवर बसलो. ताई म्हणाली, "घरात रडायला जागाच नाहीये गं. नळ सोडला की ते विचारतात, टाकी भरून वाहून राहिली काय." आणि मग ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"आशूचं बरोबर आहे की," थोड्या वेळाने मी म्हटलं. "सांगून काय मिळणार? आहेत तेवढे दिवस खुशीत राहू देत."

ताईने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी लहान होऊन गेले.

"खुशीत कुठे आहेत? भुके आहेत ते, विजू. काल रात्री वाटी बोटाने चाटून साफ केली आणि लगेच खाली ठेवली. वर म्हणतात कसे, 'बस, भर गया.' भरलं कुठून? निम्मी वाटी! पोट आहे ना त्यांचं. जागच्या जागी आहे. मॅडम बोलल्या होत्या, जे जाईल ते खाऊ द्या. आणि आम्ही पोट असलेल्या माणसाला बिना पोटाचं करून ठेवलंय." तिचा आवाज चढला. पोरं वळून बघायला लागली. "बीमारी देवाने दिली, ठीक आहे. ही भूक तर आम्ही दिली ना? चाळीस-बेचाळीस साल मी या माणसाला भुका ठेवला नाही. आत्ता ठेवू? आत्ता?"

माझ्या मनात एवढे दिवस मरण होतं. तिच्या मनात त्यांची भूक होती. नवराबायकोचं असंच असतं बहुतेक. बाहेरच्याला आजार दिसतो आणि त्या दोघांना वाटी दिसते.

ती उठली, साडी झटकली आणि सरळ भाजीबाजारात शिरली. एका म्हाताऱ्या बाईपुढे गराडूचा ढीग होता. ताईने एकेक उचलून, नखाने टोकरून बघितला. "ताजा है क्या? अंदर से काला तो नहीं निकलेगा?" एवढ्यातही तिने घासाघीस केलीच. चांगले जाडजूड दोन घेतले आणि माझ्या पिशवीत टाकले.

पाटावर

घरी आल्यावर तिने हाताला तेल लावलं, गराडूने खाज सुटते म्हणून, आणि एक सोलायला घेतला. मी लिंबं चिरली. कढईत पहिला घाणा पडला तशी बाहेरच्या खोलीतली भाऊजींची टीव्हीची बडबड बंद झाली.

ताईच्या घरात डायनिंग टेबल आहे, पण भाऊजी पाटावरच जेवतात. तिने पाट मांडला. त्यांची ती छोटी वाटी उचलून फडताळात मागे ठेवून दिली. लग्नातली मोठी स्टीलची थाळी काढली, तीत दुसऱ्यांदा तळलेला गराडू भरला, लिंबू पिळलं, जीरावन भुरभुरलं आणि हाक मारली, "या, जेवायला या."

भाऊजी आले. थाळी बघून उभेच राहिले. "सुमन, पागल झालीस काय? हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"अगं, पोट कुठे आहे मला?"

त्याच वेळी आशू ऑफिसातून आला. हेल्मेट हातातच, दारात उभा. आईचा चेहरा बघून त्याला कळलं. "आई, नको," तो म्हणाला. "आई, प्लीज."

"आशू, तू चूप बस," ताई म्हणाली. मग भाऊजींकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, "आहे. पोट आहे तुमचं. काढलं नाही त्यांनी. आत बघितलं, सगळीकडे पसरलेलं दिसलं, तसंच परत शिवलं. रोबोट लावलाच नाही. मॅडम बोलल्या, आता काढून फायदा नाही. बसा. गरम आहे तोवर खा."

भाऊजी बसले नाहीत. स्वेटरवरून त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"मेहुणीबाई, तुम्हालाही माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जमलं नाही.

"आणि मी इकडे दलिया खाऊन राहिलोय!" ते एकदम ओरडले. "चमच्या-चमच्याने! साधना करून राहिलोय! अरे, मला रोज स्वप्नात कचोरी दिसते यार! कुणाला दया नाही आली?" ओरडता ओरडता आवाज फाटला, आणि ते आपोआप पाटावर बसले. आशू दारातच भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला. भाऊजींनी त्याला हात केला, "इधर आ." तो हेल्मेट घेऊनच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "पाइप से खींच लेते हैं म्हणे. गधा कहीं का."

मग त्यांनी एक तुकडा उचलला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. घोळवला नाही, थांबले नाहीत. कुरकुर आवाज आला.

"नींबू कम है," ते म्हणाले.

ताईने लिंबू पिळलं. बिया सगळ्या थाळीत पडल्या. त्यांनी बिया वेचून बाजूला केल्या आणि दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. चौथा हातात घेऊन ते थांबले, जरा वेळ श्वास घेतला, आणि तो ताईच्या तोंडापुढे धरला. माझ्यादेखत, मुलादेखत. जन्मात तिने असं कुणासमोर खाल्लं नसेल. तिने खाल्ला.

मी वाट बघत होते, आता ते म्हणतील, बाकीचा पुढच्या थंडीत. सवयीने तोंडावर आलंही असेल. ओठ हलले आणि मिटले. त्यांनी थाळी माझ्याकडे सरकवली, "घ्या, मेहुणीबाई. निम्मा तुमचा होता ना?" आणि ताईला विचारलं,

"घरात अजून आहे का गराडू?"

"आहे एक," ताई म्हणाली. "उद्याला ठेवलाय."

"ठेवू नको," भाऊजी म्हणाले. "आत्ताच काप."